बाळंतिणीच्या सेवेला रोख दाम हवा

बाळंतिणीच्या सेवेचे पैसे घ्यावेत का, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या समुद्रपूर-हिंगणघाट पट्ट्यात अजूनही लोकांना अडतो. मी हे काम व्यवसाय म्हणून करते. माझ्यासोबत आजूबाजूच्या गावांतल्या काही बाया आहेत. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आम्ही रोज सकाळी तिच्या घरी जातो. तिला आणि लेकराला न्हाऊ-माखू घालतो, तिचं अंग चोळतो, पाजायला कसं घ्यायचं ते दाखवतो, तिच्या पोटात काय जातं ते बघतो. ताप, जास्तीचा रक्तस्राव, लेकराचं मंदावणं यांवर डोळा ठेवतो. याचे पैसे आम्ही आधी सांगून, ठरवून घेतो. "लेकराले न्हाऊ घालाचे पैसे घेता का हो बाई?" असं विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांच्या मनात हे काम मायेचं आहे, आणि मायेला भाव लावणं त्यांना पटत नाही.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या फुकटात किंवा साडीचोळीवर करून घेतलं, म्हणूनच ते मोडलं. ते टिकवायचं असेल तर गावातल्याच बायांनी चालवलेला, रोख मोबदल्याचा, नियमानं बांधलेला छोटा व्यवसाय म्हणून ते उभं राहिलं पाहिजे. ज्या घराला परवडत नाही त्या घराचा खर्च गावानं सामायिक पैशातून केला पाहिजे.

आधी जातीबद्दल बोलावं लागेल, कारण त्याशिवाय फुकट कामाची ही रीत आली कुठून ते कळत नाही. बाळंतपण म्हणजे विटाळ. नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताचे कपडे धुवायचे, हे सगळं ज्या बायांवर सोपवलेलं होतं त्यांतल्या कितीतरी जणींची घरं गावाच्या कडेला होती. मोबदला म्हणजे पायलीभर ज्वारी आणि एक लुगडं. मुलगा झाला तर हात जरा सैल, मुलगी झाली तर आखडता. त्या दाईला पोटावर हात ठेवून लेकरू आडवं आहे की उभं ते कळायचं. कळा थांबल्या तर बाईला कसं बसवायचं, दूध उतरत नसेल तर काय करायचं, हे तिच्या हातात होतं. त्याच दाईला बारशाच्या पंगतीत मात्र शेवटी आणि बाहेर वाढायचे. तिच्या लेकीसुनांनी हे काम नाकारलं ते योग्यच केलं. अपमानाची भाकर कुणी का खावी? आज कुणी हळहळून म्हणतं की आता पूर्वीसारख्या दाया राहिल्या नाहीत, तेव्हा मला त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, तुमच्या घरानं तिला काय दिलं होतं?

दुसरा बदल सरकारी धोरणानं घडला आणि तो चांगला होता. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण आणि गाडी, सगळं मोफत झालं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली जवळपास पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. यामुळे असंख्य बाया वाचल्या. घरची बाळंतपणं परत आणा असं कुणी म्हणू लागलं तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. पण दाईचं काम दोन भागांचं होतं. लेकरू जन्माला घालणं हा एक भाग, आणि त्यानंतर सव्वा महिना मायलेकरांना सांभाळणं हा दुसरा. पहिला भाग दवाखान्यानं घेतला. दुसरा कुणीच घेतला नाही. साधं बाळंतपण असेल तर दोन दिवसांत सुट्टी, सिझर असेल तर पाच-सात दिवसांत. मग गाडी घराच्या दारात सोडून जाते आणि व्यवस्था तिथं संपते.

त्या घरात कोण असतं? पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत आहे. पण माहेरची आई हीच आज बहुतेक घरांत रोजमजुरी करणारी बाई आहे. पावसाळ्यात निंदण, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, मग फेब्रुवारीपर्यंत कापसाची वेचणी. भंडारा-गोंदियाकडे गेलात तर जुलैची धानाची रोवणी, गडचिरोलीत उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. हंगामाचे दिवस बुडाले तर वर्ष बुडतं. ती लेकीला पाणी तापवून देते, भात टाकते आणि सातच्या आत वावराकडे निघते. मागं राहते वीस-बावीस वर्षांची, टाक्यांनी अवघडलेली, कधीही लेकरू न सांभाळलेली मुलगी, आणि बाजेवर बसलेली एखादी आजी. मायेला इथं कुणी कमी पडत नाही, घरात माणूसच उरत नाही. शहरातल्या नोकरदार बाईला बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळते. वावरात राबणाऱ्या बाईला, आणि तिच्या बाळंतपणासाठी रोजी पाडणाऱ्या तिच्या आईला, हा कायदा एका दिवसाचीही पगारी रजा देत नाही.

इथं लोक म्हणतात, गावची आरोग्यसेविका आशा आहे ना. आशा आहे, आणि तिच्याशिवाय ग्रामीण आरोग्याचं पान हलत नाही. पण तिला काय नेमून दिलंय ते नीट पाहा. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर तिनं सहा वेळा घरी जायचं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन करायचं, ताप बघायचा, धोक्याची लक्षणं तपासायची, फॉर्म भरायचा. या सहा भेटी पूर्ण झाल्या की तिला २५० रुपये. एका भेटीचे बेचाळीस रुपयेसुद्धा होत नाहीत. त्या पैशात ती घागरभर पाणी तापवून बाळंतिणीला न्हाऊ घालेल, तासभर बसून लेकराला छातीला लावायला शिकवेल, अशी अपेक्षा करणं हा आशावर अन्याय आहे. सहा भेटींच्या मधले छत्तीस दिवस मोकळे राहतात, आणि बिघडतं ते बहुधा त्या मोकळ्या दिवसांत.

गावातल्या कमी शिकलेल्या बायांना हे नाजूक काम जमेल का, या शंकेचं उत्तर विदर्भानंच जगाला दिलेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत स्थानिक बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, श्वास मोजणं, उबेत ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि त्यावर उपचार करणं, हे सगळं त्या बाया करत होत्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते संशोधन प्रसिद्ध झालं. पुढं २०११ मध्ये भारत सरकारनं हीच कल्पना देशभरच्या आशांच्या कामात घेतली. मला त्या प्रयोगातली एक गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. तिथली बाई घरात शिरत होती, लेकरू हातात घेत होती. दारात उभी राहून उपदेश करून ती परत फिरत नव्हती.

आमच्याकडच्या बाळंतखोलीत काय चालतं हे ज्याला माहीत आहे त्याला हा फरक लगेच कळेल. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, नाहीतर पोट सुटतं, ही समजूत घराघरांत आहे. पाजणाऱ्या बाईला पाणी तोडणं तसंही वाईटच. त्यात विदर्भात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, गडचिरोली-चंद्रपूरकडे तर फारच. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात पाणी कमी पडलं की रक्तपेशी वाकड्या होऊन नसांत अडकतात, हाडं फोडून काढणाऱ्या कळा येतात, आणि बाळंतपणानंतरचे दिवस तिच्यासाठी आधीच जोखमीचे असतात. घरचे म्हणतात, बाळंतपणाचंच अंग दुखतंय. तसंच शेगडीचं. हिवाळ्यात चिखलदऱ्याच्या थंडीत ऊब हवीच. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना चंद्रपूरच्या पत्र्याच्या खोलीत खिडक्या बंद करून बाजेखाली निखारे ठेवले तर लेकराचं अंग तापतं, ते सुकतं, आणि खोलीभर धूर भरतो. ऋतू बघून रीत बदलायला कुणीतरी सांगणारं लागतं.

लेकराच्या बाबतीत यादी आणखी लांब आहे. नाकाकानात तेल सोडतात, ते फुप्फुसात उतरू शकतं. नवजात लेकराच्या छातीला सूज असते ती आपोआप ओसरते, पण 'दूध काढायचं' म्हणून ती पिळतात आणि गळू होतं. काजळातून शिसं पोटात जाऊ शकतं. पहिल्या दिवशी मधाचं बोट चाटवतात, आणि वर्षाच्या आतल्या लेकराला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. चीक दूध पिळून फेकायची पद्धत बरीच कमी झालीय, संपलेली नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या लेकराला भुमकाकडून, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडून, तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याचा 'डंबा' अजून अधूनमधून बातम्यांत येतो. लोक हळहळतात, पोलीस केस होते. पण लेकराचं पोट फुगलं त्या रात्री त्या आईजवळ विश्वासाचं कोण होतं, याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. चटके देणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. तरी ती आई रात्री भुमकाकडे जाते, कारण तो गावात असतो आणि दार उघडतो.

भिंतीवरच्या पत्रकानं या गोष्टी बदलत नाहीत. आमचा अनुभव असा की सासू किंवा आजी सगळ्यात नीट ऐकते ते आमचे हात कामात असताना. लेकरू मांडीवर उताणं आहे, कोमट तेलाचा हात पायावरून फिरतोय, लेकरू शांत झालंय, आणि त्या वेळी आपण म्हणतो, आजी, कानात नको, वरूनच लावू. आजी मान हलवते. चांगलं चोळता येतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून पुढचं तिला पटतं. चोळणं, शेकणं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, ओवा-बाळंतशेपा, यांतलं पुष्कळ काही चांगलं आहे. बाईला विसावा मिळतो, भूक लागते, कुणीतरी तिच्या अंगाला मायेनं हात लावतं. परंपरा सगळी टाकायची असं आमचं म्हणणं नाही. निवडायची कशी हे शिकलेली बाई रोज घरात असायला हवी.

बाळंतिणीच्या शरीराकडे तर अजून कमी बघितलं जातं. १९८९ मध्ये बंग दांपत्यानंच गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी करून दाखवलं होतं की त्यांतल्या ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. अंग बाहेर येणं, कंबर धरणं, लघवी न रोखता येणं, हे आमच्याकडे बाईपणाचाच भाग समजून सोसतात. बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी डोक्यावर हंडा घेणारी बाई चाळिशीत काय भोगते ते मी पाहते. आम्ही घरच्यांना सांगतो की सव्वा महिना जड उचलायचं नाही. नुसतं सांगून भागत नाही, म्हणून तेवढं पाणी आम्ही भरतो किंवा नवऱ्याला भरायला लावतो. तरणे बाप हल्ली ऐकतात. कमी वजनाचं लेकरू उघड्या छातीशी धरून तासन्‌तास ऊब द्यायची असते, ते काम बापालाही जमतं, आणि कापूस वेचून आलेले कितीतरी बाप ते कौतुकानं करतात.

मनाचं दुखणं आणखी दडलेलं. बाई रडत राहते, लेकराकडे बघत नाही, झोप उडते, जेवण जात नाही. घरचे म्हणतात बाहेरचं झालं, किंवा माजली. जुनी माणसं त्याला बाळंतवात म्हणत, म्हणजे हे त्यांनीही पाहिलेलं होतं. ज्या जिल्ह्यांत कर्जानं खचलेल्या शेतकऱ्याच्या मनाचा विचार करायला सरकारला वेगळा 'प्रेरणा' प्रकल्प आणावा लागला, त्याच घरातल्या बाळंतिणीच्या मनाकडे कुणाचं लक्ष नसावं हे मला फार लागतं. रोज येणाऱ्या बाईला कालची आणि आजची बाळंतीण यांतला फरक दिसतो. तो दिसला की आम्ही घरच्यांशी बोलतो, मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, टेलिमानसच्या, १४४१६ या नंबरवर फोन लावून देतो, आणि ती स्वतःच्या किंवा लेकराच्या जिवाचं काही बोलली तर त्याच दिवशी दवाखान्यात नेतो.

आता पैशाचं. एका हजार लोकवस्तीमागं महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पंधरा जन्म होतात. म्हणजे दोन हजारांच्या गावात तीस. प्रत्येक घरी चाळीस दिवस धरले तर बाराशे दिवसांची सेवा होते, म्हणजे वर्षभर कुठल्याही दिवशी गावात तीनएक घरं. एक बाई सकाळी सहा ते अकरामध्ये तीन घरं नीट करू शकते. दिवसाला घरटी दीडशे रुपये धरले तर तिची रोजी साडेचारशे होते. आमच्याकडे दिवसभर उन्हात वाकून निंदण करणाऱ्या बाईला याहून कमी मिळतं. निम्म्याच घरांनी सेवा घेतली तर तिला दोन गावं लागतील. म्हणजे विदर्भातली दोन मध्यम गावं एका बाईचं घर या कामावर चालवू शकतात. गणित अवघड नाही. अवघड आहे ती वसुली. कापूस विकल्यावर देतो म्हणणारी घरं खरंच देतात, पण तोपर्यंत बाईनं चूल कशावर पेटवायची? म्हणून आम्ही नवव्या महिन्यात अर्धे पैसे आगाऊ घेतो.

या आगाऊ पैशामागं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या लेखी तेच मोठं. जन्मानंतर दर ठरवायला गेलं की मुलगा झाला तर सव्वा महिना हवा असतो, मुलगी झाली तर "अकरा दिवस पुरे". हे वारंवार अनुभवल्यावर आम्ही नियम केला की बोलणी जन्माआधी होतील, चाळीस दिवस म्हणजे चाळीस दिवस, आणि मुलामुलीला एकच दर. ज्या घरानं पैसे आधी दिलेत ते घर मुलीच्या चोळण्याचे दिवस कापत नाही. व्यवसायाचा रोखठोकपणा इथं मुलीच्या बाजूनं उभा राहतो. जुन्या लुगड्या-ज्वारीच्या व्यवहाराला हे कधी जमलं नाही.

चाळीस दिवसांचे सहा हजार गरिबानं कुठून आणायचे, हा आक्षेप खरा आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार मिळतात, तीन हजार नोंदणी आणि तपासणीनंतर, दोन हजार जन्मनोंदणी आणि पहिल्या लसीकरणानंतर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर सहा हजार. आकडा बघितला तर सेवेचा बहुतेक खर्च यातच निघतो. पण हे पैसे खात्यावर पडायला उशीर होतो, आणि पडले की बियाण्याला, किराण्याला, कर्जाला जातात. मी त्या घराला दोष देणार नाही. भुकेच्या घरात आलेला पैसा आधी भुकेकडेच जातो. म्हणून ही सेवा त्या घराच्या पाकिटावर सोडता येत नाही. सरकारनं आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघरं' काढली, तिथं दिवस भरत आलेल्या बाईला आधीच आणून ठेवता येतं. बाळंतपणाआधीच्या दिवसांना सरकारी पैसा लागतो हे मान्य झालं. नंतरच्या चाळीस दिवसांनाही तो लागतो हे मान्य व्हायला हवं.

दुसरा आक्षेप आणखी गंभीर आहे: धंदा म्हटला की लूट आली. शहरांत काय चाललंय ते दिसतंच. गर्भसंस्काराचे वर्ग, फोटोंची पॅकेजं, महागडी तेलं, घाबरलेल्या पहिलटकरणीला जे जे विकता येईल ते सगळं. ते वारं गावात येऊ नये असं मलाही वाटतं, आणि त्यासाठी काही बंधनं व्यवसायानंच स्वतःवर घालून घ्यायला हवीत. आम्ही कुठल्याही दवाखान्याकडून पेशंट पाठवल्याचे पैसे घेत नाही. पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली सुचवत नाही, विकत नाही. १९९२ च्या कायद्यानं त्याच्या जाहिरातीवर बंदी आहे, तरी दुकानदार मोठा डबा समोर ठेवतोच. इंजेक्शन, सलाईन, गोळी याला हात लावत नाही. सिझरच्या बाईचं पोट चोळत नाही. ताप, जास्त रक्त, दुर्गंधीचं पाणी, लेकरू पीत नाही, लेकराचं अंग गार किंवा पिवळंधम्मक, झटका, यांतलं काहीही दिसलं तर तेल बाजूला आणि फोन १०८ ला. ज्या बाईला हे पाळायचं नाही ती आमच्यासोबत काम करत नाही.

यापलीकडची बंधनं मात्र बाहेरूनच यायला हवीत. प्राथमिक आरोग्य केंद्रानं या बायांना शिकवावं, वर्षाला एकदा तपासून ओळखपत्र द्यावं, आणि चुकलेल्या बाईचं ते काढून घ्यावं. 'उमेद' या सरकारी ग्रामीण अभियानाचे बचत गट आणि 'माविम', म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, गावोगाव आहेत. लोणचं-पापडासाठी, शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज मिळतं. बाळंतीणसेवेसाठी गट कर्ज मागायला गेला की मात्र समोरचा माणूस विचारतो, यात माल काय आहे? यात माल नाही, कसब आहे. वजनकाटा, थर्मामीटर, स्वच्छ कपड्यांचे संच, गावागावांत जायला एक दुचाकी, एवढंच भांडवल लागतं. मुद्रा योजनेच्या शिशु गटातलं पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज यासाठी पुरेसं आहे. हे काम व्यवसाय आहे हे कागदावर मान्य झालं की या बाईला उद्यम नोंदणी करता येते, बँकेत उभं राहता येतं, आणि गावातही तिला कुणी 'न्हाऊ घालणारी' म्हणून खालच्या आवाजात हाक मारत नाही. जातीचा प्रश्न एवढ्यानं सुटत नाही. पण आमच्या कामात आता वेगवेगळ्या समाजांच्या बाया आहेत, सगळ्यांना एकच दर आहे, आणि कुठल्या घरी कोण जाणार हे जात विचारून ठरत नाही. ज्या घराला हे चालत नाही त्यांचे पैसे आम्ही परत करतो.

गरीब घरांसाठीचा पैसा गावातच आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पेसा या आदिवासी भागांसाठीच्या कायद्याखालच्या गावांना शिवाय आदिवासी विकासाच्या पैशातला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, त्याचं काय करायचं ते ग्रामसभाच ठरवते. दहा टक्क्यांतून पुष्कळ ठिकाणी खुर्च्या येतात, शिलाई मशीन येतात, हळदीकुंकवाचं साहित्य येतं. आमच्या दोन हजारांच्या गावाचा हिशोब धरू. तीस जन्मांतली दहा घरं अशी की ज्यांना काहीच परवडत नाही. त्यांना पूर्ण चाळीस दिवस द्यायचे तर साठ हजार लागतील, आणि स्वतःचं उत्पन्न तीन लाख असलेल्या पंचायतीकडे या शीर्षात तीसच हजार असतात. तेवढं झेपणार नाही. पण पहिले अकरा दिवस, म्हणजे सगळ्यात नाजूक दिवस, दहाही घरांना द्यायचे तर दिवसाला दीडशेप्रमाणे साडेसोळा हजार रुपये होतात. म्हणजे त्या तीस हजारांत ते बसतं.

ठराव करताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात असं मी सुचवते. घरांची निवड आशा आणि अंगणवाडीसेविका मिळून करतील, सरपंच एकटे नाही. पैसे सेवा देणाऱ्या बाईच्या खात्यात दर आठवड्याला जातील, वर्षाअखेरीला नाही. आणि मुलगी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, तरी दिवस तेवढेच राहतील. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, बऱ्याच गावांत ती नुसती सह्यांपुरती उरते. हा विषय आधी तिथं ठेवा. ज्या बायांनी शेगडीच्या धुरात, तहानेनं कोरड पडलेल्या घशानं आपले चाळीस दिवस काढलेत, त्या तिथं असतील, आणि साडेसोळा हजार कुठल्या शीर्षातून काढायचे ते त्या ग्रामसेवकाला बरोबर दाखवून देतील.